अंधारातला ठिपका

सातव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाच्या नाकातून डॉक्टर प्रणोतींनी दुधाची बारीक नळी आत सरकवली. “नळी पाहायला परत एक्स-रे?” सिहोऱ्याहून आलेली बाळाची आई हर्षा धास्तावली. “एवढ्याशा जिवाला घडीघडी काहून?” “नाही ताई, आज आपण उजेडानं पाहून राहिलो. नळीच्या टोकाला मंद दिवा आहे. हा कॅमेरा अंगातून बाहेर येणारा प्रकाशाचा एकेक कण टिपतो.” खोलीत अंधार केला. स्क्रीनवर काहीच दिसेना. दुधाची सिरिंज धरून सिस्टर ताटकळली. मग एक ठिपका उमटला, पण पोटात नव्हे, छातीत. “सिस्टर, रुको!” प्रणोती ओरडल्या. “नळी फुप्फुसाकडे गेली!” त्यांनी ती काढून पुन्हा घातली. हर्षानं डोळे मिटले. “पाहा, ताई.” ठिपका आता बरगड्यांखाली, पोटात होता. प्रणोतींनी सिरिंज हर्षाच्याच हातात दिली. दूध थेंबाथेंबानं उतरलं. बाळाचा श्वास संथ चालत राहिला.