टोपलीतली काडेपेटी

"अहो, काडेपेटीवर नका मारू!" तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हेमलताबाई कडाडल्या. पण तोवर त्यांनी खाली सोडलेल्या टोपलीतल्या किराण्यावर वॉचमनने जंतुनाशक औषधाचा पंप मारलाही होता.

दोरी ओढून टोपली वर घेतली, तर काडेपेटीवरच्या मोराचा निळा रंग पार ओघळलेला! लॉकडाऊनआधी हेमलताबाई दामोदरशेठच्या किराणा दुकानात स्टुलावर बसून, त्यांना खोकी उपसायला लावून नव्या चित्राची पेटी शोधायच्या. आता शेठच सामान घेऊन गेटाशी येत. बाईंच्या काडेपेट्यांच्या संग्रहात नसलेली ही पेटी शेठनी आठवणीनं आणली होती, आणि तिची ही दशा!

"डोळे फुटले होते का तुमचे?"

"मॅडम, तुम्हीच सेक्रेटरी, नियमही तुमचाच. आत येणारं सामान, माणूस, सगळ्यांवर मारायचं."

"म्हणून असं आंधळेपणानं मारत सुटायचं? समोरच्याच्या जिवाला काय वाटेल, याचा काही विचार?"

वॉचमनच्या मागे दामोदरशेठ रोजच्यासारखे डोळे घट्ट मिटून, दोन्ही हात पसरून उभे होते.

"सामानाचं झालं ना?" डोळे न उघडताच ते म्हणाले. "मग आता माझ्यावर मारा. दुकान उघडं टाकून आलोय."