बळवंतला मिळालेली खाट

बसा साहेब, बाकावर टेका जरा. पेशंटला आत्ताच झोप लागलीये, नर्सबाई कुणाला आत सोडत नाहीये. तुम्ही कॉर्पोरेशनचे, तक्रारीची चौकशी करायला आलात, कळलं मला. करा की. पण तुम्ही आपल्याकडचे दिसता, म्हणून चहा येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. ही तक्रार कुठून उगवली, ते तुमच्या फाइलीत सापडायचं नाही.

आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरांच्या मागे नोकरलोकांच्या खोल्या आहेत ना, तिथे हरिदास आणि बळवंत भिंतीला भिंत लावून राहतात. हरिदास ठेकेदाराकडे ड्रायव्हर, मानेसरच्या कारखान्याची बस चालवतो. बळवंत साहेबलोकांच्या बागा बघतो. दोघंही जालन्याकडचे. पण बळवंत दहा वर्षं आधी आला, म्हणून त्याचं रेशनकार्ड दिल्लीचं. हरिदासचं अजून गावचंच.

हरिदास तेवढ्यावरनं जळायचा. बळवंतला गॅस मिळाला, ह्याला घास उतरेना. बळवंतकडे कूलर आला, हा महिनाभर घाम पुसत त्या कूलरलाच शिव्या देत होता.

मग हरिदासच्या बायकोच्या, कल्पनाच्या, पोटात गाठ निघाली. सरकारी दवाखान्यानं आठ महिन्यांनंतरची तारीख दिली. डॉक्टर म्हणाला, इतकं थांबाल तर बाई हातची जाईल. कुणी सांगितलं, ह्या काचेच्या नव्या हॉस्पिटलात गरिबांसाठी खाटा आहेत, खर्च कॉर्पोरेशन देतं. हरिदासनं अर्ज टाकला. बाबूनं रेशनकार्ड पाहिलं आणि परत सरकवलं. "ये तो महाराष्ट्र का है. वहीं इलाज कराओ."

महिन्याभरात बातमी आली. खाट मिळाली. कुणाला? बळवंतच्या बायकोला, प्रमोदिनीला.

"तिला काय झालंय?" हरिदासनं नळावर बळवंतला विचारलं.

"बायकांचं दुखणं. तुला सांगू काय? तुझ्या पोटात काही राहत नाही. सकाळी कळलं की मानेसर येईपर्यंत अख्ख्या बसला कळतं."

सगळे हसले. हरिदास नाही हसला.

"परवा दोन बादल्या घेऊन जिना चढली ती," घरी येऊन तो म्हणाला. "ठणठणीत आहे. आणि तू इथे पोट धरून बसलीयेस."

"बसू दे मला. भात गरम आहे, जेवा," कल्पना म्हणाली.

"तुला राग येत नाही?"

"वहिनींचा? त्यांनी काय केलंय माझं?"

पुढच्या आठवड्यात त्यानं बसमधून बघितलं. सिग्नलला रिक्षा उभी, रिक्षात बळवंत, बाजूला कल्पना. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली, "वहिनींचे कागद द्यायचे होते. त्यांना रिक्षात मळमळतं, म्हणून मी गेले."

"त्यांचा नवरा गेला असता ना एकटा."

"त्यांना वाचता येतं का?"

हे बरोबर होतं. तरी हरिदासला झोप आली नाही. आधी कार्ड, मग कूलर, मग खाट. आता माझ्या बायकोला शेजारी बसवून फिरतोय. दुसऱ्या दिवशी त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत कागद लिहिला. बळवंतची बायको आजारी नाही, खाट खोटी आहे, घरी येऊन बघा. खाली नाव नाही घातलं. कॉर्पोरेशनच्या तक्रारपेटीत टाकला आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सोमवारी प्रमोदिनी ॲडमिट होणार होती. कल्पना म्हणाली, सोबतीला मी राहते दोन-तीन दिवस. हरिदास हो म्हणाला. पण काल कारखान्यात संप झाला, बस दुपारीच परत आली. येऊन बघतो तर नळावर प्रमोदिनी, चादरी धुतेय.

"वहिनी, तुम्ही इथे?"

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. "भावोजी, आधी बसा. पाणी देते."

पाणी कोण पितंय. माझी बायको सोमवारपासून त्याच्याबरोबर कुठे आहे, एवढंच डोक्यात. तो तसाच इथे आला, त्या दोघांना धरायला. वॉर्डात खाट शोधली. पायाशी पाटी, प्रमोदिनी बळवंत. स्टुलावर बळवंत बसलेला, मोसंबी सोलत. त्यानं मान वर केली आणि हळूच म्हणाला, "ओरडू नकोस, हरिदास. उद्या सकाळी ऑपरेशन आहे."

तो कागद मी टाकला, साहेब. आता नर्सबाई पडदा सरकवेल, तुम्ही आत जाल. खाटेवर माझी कल्पना आहे. तुमच्या चौकशीत एवढं लिहा, की ही बळवंतची बायको आहे.