शेपटीसकट

ओहोटी लागली की मास्तरांचा पाय घरात ठरत नसे. हातांच्या थरथरीने वर्षभरापूर्वी त्यांचं शिलाईमशीन बंद पाडलं होतं, पण समुद्रातल्या गोगलगायी वेचायला काही सुईत दोरा ओवावा लागत नाही. खडकाच्या कपारीत हात घालायचा, बोट लावल्यावर झटकन झाकण मिटेल तो शंख घ्यायचा, अंगठ्याच्या पेराहून लहान असेल तो परत ठेवायचा. आज अर्धी बादली भरून ते घरी आले तेव्हा स्वारी खुशीत होती.

सुनेने बादली हातातून काढूनच घेतली. "बाबा, आज मी करते. तुम्ही बसा."

तिचं माहेर समुद्रापासून फार लांब. तिच्या लेखी गोगलगाय म्हणजे कुंडीतली कोथिंबीर फस्त करते ती. तिने शंख चार पाण्यांतून निगुतीने धुतले आणि खळखळत्या पाण्यात सोडले. मास्तर "अगं अगं" म्हणेपर्यंत काम झालं होतं.

"थंड पाण्यात घालून मंद आचेवर ठेवायच्या असतात," ते म्हणाले. "म्हणजे आपण होऊन बाहेर डोकावतात. आता पार आत जाऊन बसल्या."

"बसू देत, टाचणीने ओढून काढू," सासूबाई म्हणाल्या. "शिंप्याच्या घरात टाचण्यांना काय तोटा?"

टेबलावर पानं मांडली. मास्तरांनी आपलं ताट उचललं आणि ते मागच्या पायरीवर जाऊन बसले, सगळ्यांकडे पाठ करून. वर्षभर ते तिथेच जेवत. तिथे वारा छान येतो म्हणत. वारा कसला, घास तोंडापर्यंत नेताना सांडतो हे कुणी पाहू नये, एवढंच. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

आत टाचण्यांचं काम सुरू झालं.

"तुटली," मुलगा म्हणाला. आता दुकान तोच चालवायचा, त्याचा टाका कधी वाकडा गेला नव्हता.

"माझीही," सासूबाई म्हणाल्या. "अर्धी आतच राहिली."

सुनेचा चेहरा उतरला. बाबांच्या सकाळभराच्या मेहनतीची आपण माती केली, असं तिला झालं. निदान त्यांना ही खटपट नको, ताट परत घ्यावं म्हणून ती पायरीपाशी गेली आणि उभीच राहिली. ताटात गोगलगायींची रांग लागली होती. प्रत्येक अख्खी, शेवटच्या वेटोळ्यापर्यंत.

मास्तरांच्या हातातली टाचणी थरथरत होती, आणि त्या थरथरीने आतली गोगलगाय जरा जरा सुटत बाहेर येत होती. सुनेची चाहूल लागताच त्यांनी हात मांडीवरच्या पंच्याखाली घेतला.

तिने ताट उचलून टेबलावर नेऊन ठेवलं. ताटच गेल्यावर मास्तर एकटे पायरीवर बसून काय करणार? नाइलाजाने ते मागोमाग आले आणि कडेच्या खुर्चीवर टेकले.

सुनेने एक शंख घेतला, टाचणी खुपसली आणि हात मुद्दाम थरथरवला.

सासूबाईंनी टाचणी खाली ठेवली. मास्तरांनी पंचा हातावर ओढला.

"अगं, काय चाललंय हे?" मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

तिने मान वर केली नाही. टाचणीच्या टोकाला काळपट वेटोळं हळूहळू बाहेर आलं, शेपटीसकट.

"बाबा, असंच ना?"

मास्तरांनी ते नीट निरखलं. मापात चूक शोधताना पाहायचे, तसं.

"मनगट सैल सोड," ते म्हणाले. "आणि इतकं हलवू नकोस. मी काही इतका थरथरत नाही."

आधी सासूबाईंना हसू फुटलं, मग त्यांनीही एक शंख ओढला. मुलाने बायकोकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि टाचणी उचलली. मास्तरांनी पंचा बाजूला ठेवला.

थोड्या वेळाने टेबलावर चार हात थरथरत होते. दारातून कुणी पाहिलं असतं, तर त्यांतला मास्तरांचा कोणता, हे त्याला सांगता आलं नसतं.