जागच्या जागी

“साहेब, त्या दिवशी बसस्थानकावर दोरी तुम्हीच धरली होती ना?”

दारातल्या म्हाताऱ्याने नमस्कार-चमत्कार काही न करता एकदम हेच विचारलं. गळ्यात मोजमापाची टेप तशीच होती. शिलाईच्या दुकानातून उठून सरळ आला असावा. हातातली कापडी पिशवी त्याने उंबऱ्याबाहेर ठेवली. निवृत्त फौजदारांची नजर आधी पिशवीकडे गेली, मग माणसाकडे. नोकरी सुटून बारा वर्षं झाली होती, पण जित्याची खोड.

“अहो, कपडे असतील त्यात, फुटायचे नाहीत,” बायको आतून म्हणाली. एरवी या थट्टेवर ते हसत. आज हसले नाहीत. माणूस त्यांनी ओळखला होता.

त्या वर्षी चार महिन्यांत सहा ठिकाणी स्फोट झाले. दुसऱ्या ठिकाणी तर मदतीला धावलेल्यांसाठीच मुद्दाम एक बॉम्ब मागे ठेवलेला होता. दोन शिपाई आणि एक नर्स त्यात गेली. तेव्हापासून नियम झाला: बॉम्बशोधक पथक तपासून मोकळं म्हणेपर्यंत आत कुणी जायचं नाही, डॉक्टरनेसुद्धा नाही. दोरी बांधायची आणि माणसं अडवायची, हे काम फौजदारांकडे. बसस्थानकावर दोरी बावीस मिनिटं होती. याच माणसाला त्यांनी छातीवर हात ठेवून बावीस मिनिटं मागे रेटलं होतं. दुसरा बॉम्ब त्या दिवशी नव्हताच.

“बसा, मास्तर.”

“माझी मुलगी आत होती. तिकिटाच्या रांगेत.”

“लक्षात आहे.”

“संध्याकाळी तुम्ही घरी आलात. तिच्या आईला म्हणालात, जागच्या जागी गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही.”

म्हणाले होते. सगळ्याच घरी म्हणत. ठाण्यात तशी रीतच पडून गेली होती: मृताच्या घरी जायचं, टोपी काढायची आणि ‘जागच्या जागी’ म्हणायचं. खरं काय झालं याच्या खोलात शिरायचं नाही. नोकरीत खोटं पुष्कळ बोलावं लागलं, पण त्यातल्या त्यात हे एक पुण्याचं, असं फौजदार मनाशी धरून होते.

“मग खरंच तसं झालं होतं का, साहेब?”

“जागच्या जागी, मास्तर. काही त्रास झाला नाही तिला.” वाक्य तोंडपाठ होतं, आपसूक आलं.

म्हातारा टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

“मी दोरीपासून तिला हाका मारत होतो. एकदा तिने ओ दिली. घरचे म्हणतात, भास झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिची आई म्हणते, साहेब खोटं कशाला सांगतील? एकोणीस वर्षं हेच ऐकतोय. हल्ली मलाही वाटायला लागलंय, माझंच डोकं फिरलंय.” त्याने मान वर केली. “तुम्ही माझ्या अगदी शेजारी उभे होता. तुम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं?”

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. ‘हो’ म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग दोरी का सोडली नाहीत? त्याचं उत्तर फौजदारांकडे एकोणीस वर्षांत तयार झालं नव्हतं. पण त्या पुण्याच्या खोट्यापायी समोरचा चांगला शहाणा माणूस स्वतःच्या घरात वेडा ठरला होता. त्यांना स्वतःची शरम वाटली.

“आलं होतं,” ते म्हणाले.

“काय ऐकू आलं?”

“‘आले बाबा, दोन मिनिटं.’”

म्हाताऱ्याने डोळे मिटले. “हो. असंच. सकाळी घाई केली की असंच म्हणायची.”

त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. रडले ते फौजदार. बराच वेळ रडत राहिले. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पण पुढे आली नाही.

“मी सोडायला हवं होतं तुम्हाला, मास्तर.”

“ते विचारायला नव्हतो आलो मी.”

म्हातारा उठला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी आपलं म्हणणं खरं मानलं, याने तो थकून गेल्यासारखा दिसत होता. बाहेर जाऊन त्याने पिशवी उचलली, दोन पावलं गेला आणि मागे वळला.

“साहेब, तिची आई कधी रस्त्यात भेटली, तर तिला हे सांगू नका हं. तुमच्या त्या वाक्यावर झोप लागते तिला.”