निवडुंगाची छाटणी

१९९५ साल. सांगलीत विश्रामबागेत शालनबाईंच्या कुंडीतला निवडुंग पिल्लं फुटून एका अंगाला कलला, तेव्हा शेजारच्या सुमंत गुरुजींनी धीर करून विचारलं, "मी छाटून देऊ?" दोघंही आपापल्या घरी एकटेच, आणि तीन वर्षांच्या शेजारातलं गुरुजींचं हे सगळ्यात लांब बोलणं.

मग त्यांनी आठवडाभर वाचनालयात बसून बागकामाची तीन पुस्तकं वाचली, वेल्डिंगवाल्याचे जाड हातमोजे मागून आणले आणि रविवारी शालनबाईंच्या व्हरांड्यात, निवडुंगाला वर्तमानपत्राची घडी गुंडाळून, पाचही पिल्लं अलगद कापून काढली.

शालनबाई सुई, चिमटा आणि हळदीची वाटी घेऊन आल्या. "आणा हात इकडं, गुरुजी. ह्याचं काटं लय बारीक, काढाय तासभर तरी लागंल. च्या बी ठेवलाय."

"एकही काटा लागला नाही," गुरुजी अभिमानानं म्हणाले.

"एकबी न्हाई?" शालनबाईंचा चेहरा पडला. "लय हुशार तुमी. मग काय, जावा घरी." आणि त्या सुई ठेवायला आत वळल्या.

 

गुरुजींनी चटकन हातमोजा काढला, निवडुंगावर अख्खा पंजा टेकवला आणि जन्मात पहिल्यांदाच गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "शालनबाई, लागला!"