हळद झाली, कुंकू राहिलं

"माझा मणी पडला गं बाई!" असं म्हणत केसरबाई थेट मैदानाच्या मधोमध जाऊन बसल्या. फुटबॉलच्या मैदानाच्या. सामना सुरू व्हायच्या ऐन वेळेला.

मणी कुठला पडतोय! बोरमाळ होती घरी, निघोज्यात, पत्र्याच्या पेटीत, कुलपात. पडलं होतं वेगळंच. निघोज्याच्या पोरींच्या संघात मैदानावर सहाच जणी होत्या. सात झाल्याशिवाय खेळ सुरू करत नाहीत, सामना समोरच्यांना देऊन टाकतात. आणि हा सामना गेला की क्लब लीगमधून बाहेर. उरलेल्या पोरी कामावरून सुटून कंपनीच्या बसमध्ये, आणि बस चाकणच्या चौकात अडकलेली. त्यातच केसरबाईंची नात विजयश्री, संघाची गोलकीपर.

"आज्जे, रेफरीला धरून ठेव जरा, आलोच," एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

आता माणूस धरून कसं ठेवायचं, हे केसरबाईंना कुणी शिकवावं? त्यांच्या तावडीत सापडलेला पोस्टमन एकदा दोन वेळचं जेवूनच सुटला होता.

बाकावर एक बाई मॅनेजर पाहिजे, असा नियम होता. म्हणून कोच दिपालीमॅडमनी केसरबाईंचं नाव घातलं होतं. काम एकच, गप बसायचं.

रेफरी प्राजक्ता धावत आली. चिंचवडची पोरगी, शिट्टी अजून नवीकोरी.

"आजी, उठा. मणी नंतर शोधू."

"नंतर? साधासुधा मणी हाय व्हय त्यो? माझ्या सासूनं इंद्रायणीतल्या मगरीच्या नथीतनं काढलाय."

"मगर नथ घालते?"

"आता न्हाई घालत. तवा घालायच्या."

एवढ्यात समोरच्या, पिंपरीच्या पोरी गुडघ्यावर बसून गवत चाचपायला लागल्या. एकीनं विचारलं, "कुठल्या नाकपुडीत असायची हो, आजी?"

"डाव्या. बाईमाणूसच की ती बी."

प्राजक्ताच्या ध्यानात आलं. तिनं खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि केसरबाईंच्या डोक्यावर धरलं.

"हे काय गं?"

बाकावरून दिपालीमॅडम ओरडल्या, "आजी, पिवळं कार्ड! आता परत काही केलंत तर लाल देतील, बाहेर जावं लागेल!"

"आधी पिवळं, मग लाल?"

"हो!"

"म्हंजी हळद झाली, कुंकू राहिलं."

मैदानाच्या तारेच्या जाळीपलीकडं निघोज्याच्या बायका फिदीफिदी हसल्या. सगळ्यात जास्त सुमनताई. कालच त्यांच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं होतं. सगळी आळी आत, आणि केसरबाई दाराशी चपला राखायला. मालक भैरूराव गेल्यापासून ती जागा त्यांचीच. एवढ्या वर्षांत एकीची चप्पल इकडची तिकडं झाली नव्हती.

केसरबाईंनी मांडी आणखी ऐसपैस घातली. "नुसती हळद लावून बाईला वाटंला लावता व्हय गं? कुठली रीत ही चिंचवडची?"

प्राजक्तानं लाल कार्ड काढलं.

केसरबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. मग गुडघे कटकट वाजवत उठल्या, पदर डोक्यावरनं नीट घेतला.

"कुंकू लागलं म्हंजी नाव घ्यायला पायजे."

"आजी, बाहेर!"

"घेते आन् जाते."

"घ्या, घ्या!" पिंपरीच्या पोरी म्हणाल्या. शोधायचं कधीच थांबवून त्यांनी भोवती कोंडाळं केलं होतं. केसरबाईंनी घसा साफ केला.

"चाकणच्या चौकात गाड्यांची दाटी,
भैरूरावांचं नाव घेते पोरींच्या फुटबॉलसाठी!"

टाळ्या पडल्या. मागं उभी असलेली कंपनीची पोरं ओरडली, "एक नंबर, आज्जी!" सुमनताईंनी तेवढी मान खाली घातली.

मग केसरबाई निघाल्या. जवळचं दार सोडून लांबच्या दाराकडं. वाटेत पिंपरीच्या एकेकीच्या गालावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. लाईनवर झेंडा घेऊन उभा असलेला बाप्याही सुटला नाही. प्राजक्ता एकदा घड्याळाकडं बघे, एकदा केसरबाईंच्या सुजलेल्या पावलांकडं. ढकलणार तरी कशी?

त्या दाराशी पोचल्या आणि बाहेर बसचा हॉर्न वाजला. पोरी उड्या टाकत आल्या. पुढं विजयश्री, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र.

"आज्जे, तू बाहेर कशी?"

"मानानं," केसरबाई म्हणाल्या. "पळ तू."

सामना झाला तो असला, की केसरबाई पुढं आळंदीपर्यंत सांगत सुटाव्या. निघोज्यानं एक गोल चढवला आणि मग पिंपरीच्या पोरींनी विजयश्रीला श्वास घेऊ दिला नाही. शेवटची मिनिटं होती. एक बॉल मघाशीच नाल्यात गेला होता, उरला होता तो एकच.

जाळीबाहेर सुमनताई जरा सरकल्या, शेजारी जागा केली.

"बसा की, केसरबाई." मग हळूच म्हणाल्या, "हळद झाली, कुंकू झालं. वाण काय मिळालं?"

"यील की. हळदीकुंकू लावून रिकाम्या वटीनं कोण धाडतंय?"

तेवढ्यात विजयश्रीनं बॉल धरला आणि असा हाणला, की जाळीवरनं गेला. केसरबाईंना विचाराल तर वर ढगाला लागला, घारीला चुकवून खाली आला. त्यांनी पदर पसरला. बॉल धप्पकन ओटीत.

प्राजक्ता जाळीशी धावत आली. "आजी, बॉल द्या! वेळ जातोय!"

केसरबाईंनी पदराला गाठ मारली.

"वाण कुणी माघारी मागतं व्हय, पोरी?"