कापलेलं वाक्य

आत्याने उशाशी ठेवलेला मोबाईल उजव्या हाताने उचलला आणि भाच्याला त्याचाच व्हिडिओ दाखवला. डावा हात पांघरुणावर नुसता पडला होता. तोंड एका बाजूने किंचित उतरलं होतं. काल दवाखान्यात आणलं तेव्हा जीभ इतकी जड झाली होती की शब्द फुटत नव्हता. आज सकाळी बोलणं जरा सुटं झालं, तेव्हापासून तिचं एकच टुमणं, मला माझ्या घरी कधी सोडणार.

"हे बघ," ती म्हणाली. "तू सांगितलंस तसंच केलं मी. तरी असं कसं झालं रे?"

तक्रार नव्हती ती. तिला खरंच कळत नव्हतं.

मोबाईलमध्ये भाचा काळं जाकीट घालून उभा होता आणि ठासून सांगत होता की रक्तदाबाची गोळी ही नुसती सवय आहे, बंद करून बघा, शरीर आपलं आपण सांभाळून घेतं. मग त्याने चष्मा काढला आणि व्हिडिओ संपला. संपला तसा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

भाच्याने हात पुढे करून तो थांबवला.

टीव्हीवरच्या आपल्या कार्यक्रमात विज्ञान सांगायची ही त्याची खास तऱ्हा. लोकांच्या मनातला गैरसमज आधी त्यांच्याहून ठामपणे आपणच बोलायचा, चष्मा काढायचा, क्षणभर थांबायचं आणि मग म्हणायचं, साफ खोटं! तिथे या जागेला हमखास टाळ्या पडायच्या. इंटरनेटचं काम बघणाऱ्या मंडळींनी मात्र चष्म्यापाशीच कात्री लावली. पुढचं बघायला लोक आपसूक चॅनेलवर येतील म्हणे. आले कुठले! लोक तेवढ्यावरच खूश झाले आणि तेवढंच एकमेकांना पाठवत सुटले. भाच्याने तो तुकडा पाहिला होता. त्याला खटकलाही होता. पण तो असा काही पसरत चालला होता की काढून टाका म्हणायला जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करत राहूनच गेलं.

"आत्या, याच्यापुढे अजून आहे," तो म्हणाला.

त्याने स्वतःच्या फोनवर अख्खा भाग लावून तिच्यापुढे धरला. साफ खोटं हे शब्द आले, टाळ्या आल्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका हेही आलं. आत्याने शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं, हे पुढचं कुणी कापलं? ऑफिसातल्या मंडळींनी, तो म्हणाला, तिकडचं सगळं तीच बघतात.

"तुला माहीत होतं?"

"हो."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एका हाताने पांघरूण सारखं करत बसली. ते काही तिला एका हाताने जमेना आणि मदतीला पुढे व्हायचा त्याला धीर होईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी त्याला लगेच ओळखलं. घरी सासूबाई त्याचा कार्यक्रम कसा सोडत नाहीत ते सांगून झालं, मग त्या आत्याकडे वळल्या. आजी, गोळ्या का बंद केल्यात, कुणी सांगितलं होतं का, असं त्यांनी सरळच विचारलं.

आत्याने भाच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोण कशाला सांगतंय," ती म्हणाली. "विसरले."

विसरली म्हणे! अख्ख्या गोतावळ्याचे वाढदिवस जिला तोंडपाठ, कुणाच्या लग्नात कोण रुसून बसलं होतं हे जी आजही साल-तारखेनिशी सांगते, ती बाई रोजची गोळी विसरली.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी भाच्याला विचारलं, आजी एकट्याच राहतात ना, हल्ली असं विसरायला होतं का त्यांना? नीट आठवून सांगा, कारण तसं असेल तर त्यांना परत एकटीने राहू देता येणार नाही, कुणाच्या तरी नजरेखालीच ठेवावं लागेल.

एक वाक्य पुरलं असतं. बोलण्यात ज्याचा हात कुणी धरत नाही, त्या माणसाने घसा खाकरला. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या. ते कौतुक आपल्यादेखत विझताना बघायची त्याची छाती होईना.

"हो, हल्ली जरा विसरते," तो म्हणाला. "वय झालं आता."

म्हणाला आणि त्याचे कान तापले. आपलाच आवाज त्याला ऐकवेना.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मग आत्याजवळ वाकून, लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, आजी, आज वार कोणता, सांगा बघू?

गुरुवार होता. समोरच्या भिंतीवर रोज पान फाडायचं हातभर कॅलेंडर टांगलेलं होतं. तेही नसतं तरी अडलं नसतं, कारण भाच्याचा कार्यक्रम गुरुवारी असतो आणि आत्याने आजवर एकही चुकवलेला नाही.

आत्याने भाच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"नाही बाई आठवत," ती म्हणाली.